आधी खंजेरी

बुलढाणा जिल्ह्यात राहून जगभरची हाताने वाजवायची तालवाद्यं जमवणं आणि ती शिकणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. या कामातून एक मत पक्कं झालं आहे. आपल्या भागातल्या ज्याला आफ्रिकेचा जेंबे, अरबांचा दरबुका, ब्राझीलचा पांदेरो किंवा पेरूचा काहोन शिकायचा आहे, त्याने सुरुवात यांपैकी कशानेही करू नये. तबल्यानेही करू नये. गावच्या भजनी मंडळातली खंजेरी हातात घ्यावी, मंडळात बसून ती शिकावी आणि मग बाहेर पडावं. याला जोडून दुसरी गोष्टही तितक्याच आग्रहाने सांगतो. एखादं वाद्य संग्रहात आलं असं तेव्हाच म्हणावं, जेव्हा ते ज्या लोकांचं आहे त्यांचा निदान एक ठेका त्यांना ओळखू येईल इतपत आपल्या हातून निघतो. तोवर ते वाद्य नुसतं घरात आलेलं असतं. या मतावर आक्षेप पुष्कळ येतात आणि त्यांतले काही वजनदार आहेत. म्हणून मत नुसतं न मांडता त्याची कारणं सांगतो.

विदर्भात खंजेरी म्हटली की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आपोआप ओठांवर येतं. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या या संताने खंजेरीवर भजनं म्हणत वऱ्हाड-नागपूरची गावं पालथी घातली. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९४२च्या आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं. १९५५ साली जपानमधल्या विश्वधर्म परिषदेला ते गेले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचं निर्वाण झालं, पण खंजेरी गावोगाव राहिली. आजही आपल्याकडे, घाटावर असो की घाटाखाली, गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला ती लागते, आणि खंजेरी भजन स्पर्धा जाहीर झाली की पुरुषांची, बायांची, पोरांची मंडळं तयारीला लागतात. माझ्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट ही की हे वाद्य चालतं आहे. त्याचे शिकवणारे गावात आहेत, ऐकणारे आहेत आणि ठेका सुटला की मान वर करून बघणारे आहेत. शिकणाऱ्याला यापेक्षा मोठी सोय कोणती? जेंबे चुकीचा वाजला तर आख्ख्या जिल्ह्यात तो चुकला हे सांगणारा माणूस सापडणं कठीण. खंजेरी चुकली तर टाळकरी पहिल्याच आवर्तनात सांगतो.

पण केवळ आपली आहे म्हणून खंजेरी घ्या, असं माझं म्हणणं नाही. कारण वाद्याच्या रचनेत आहे. तबला, पखवाज, ढोलकी यांच्या उजव्या तोंडावर शाई असते. १९२० साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सहकाऱ्यासह 'नेचर'मध्ये या शाईबद्दल लिहिलं आणि पुढे १९३४च्या लेखात तो विषय सविस्तर मांडला. साध्या गोल कातड्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. थराथराने घोटलेल्या शाईच्या वजनामुळे ते जुळतात, आणि म्हणून तबला तंबोऱ्याच्या सुरात लागतो. ही जगातल्या चर्मवाद्यांमधली फार मोठी करामत आहे. पण ती अपवादात्मक आहे. जगभर हाताने वाजणारी बहुतेक वाद्यं शाईविना वाजतात. आफ्रिकेचा जेंबे, मोरोक्को-अल्जीरियाचा बेंदीर, इजिप्तचा रिक, इराणचा दफ, क्यूबाचा कोंगा, ही सगळी उघड्या कातड्याची वाद्यं. त्यांत स्वर शाई ठरवत नाही, हात ठरवतो. मध्यावर तळव्याचा घाव दिला की खोल घुमारा, काठावर बोटं पडली की उघडा, टणक नाद, बोटं पसरून झटक्याने मारली की फाटल्यासारखा तीक्ष्ण आवाज. शाईवर वाढलेला हात हे शोधायला बसतो तेव्हा गोंधळतो, कारण शाईने त्याचं अर्धं काम आधीच करून ठेवलेलं असतं. खंजेरीवर वाढलेल्या हाताला हे शोधत बसावं लागत नाही. उघड्या कातड्याची सवय त्याला पहिल्या दिवसापासून असते.

रचनेतली दुसरी गोष्ट धरण्याची. खंजेरी डाव्या हाताने कडं पेलून धरायची असते आणि उजव्याने वाजवायची. बघणाऱ्याला डावा हात हमालासारखा दिसतो, पण वाजवणारा जाणतो की अर्धं वाद्य डाव्या हातात आहे. दक्षिणेकडचे कलाकार कंजिऱ्याच्या कडेचं कातडं डाव्या बोटांनी दाबून स्वर वरखाली ओढतात. पांदेरो वाजवणारा धरल्या हाताच्या बोटाने कातडं मिटतो-उघडतो, आणि सांबा त्या उघडझापीवर चालतो. आयर्लंडचा बोडरॉन आज बहुधा काडीने वाजवतात, तरी त्याचा डावा हात कातड्याच्या मागे सरकत राहतो आणि त्यातूनच सूर बदलतो. इराणी दफ दोन्ही हातांत पेललेला असतो आणि दोन्ही हातांची बोटं त्यावर पडतात. हे सगळं एकाच कुळातलं तंत्र आहे. लाकडाचं कडं, एका बाजूला कातडं, कड्यात झांजा, कड्या किंवा आतून ताणलेली तात. लहानमोठा आकार, देशोदेशीचं लाकूड आणि सजावट एवढाच फरक. मनगट सैल ठेवून कडं हलवणं, झांजा हव्या तेव्हाच बोलतील असं त्यांना आवरणं, मागच्या बोटाने दाब देणं, या तिन्ही गोष्टी खंजेरीवर नीट बसल्या की पांदेरो आणि रिक हातात आल्यावर हात बावरत नाही. झांजा आवरणं हे यांतलं सर्वांत अवघड आहे. नवखा वाजवतो तेव्हा कातड्याआधी झांजाच ऐकू येतात. भजनात झांज गायकाच्या शब्दावर चढली तर मंडळ ते चालू देत नाही, त्यामुळे तिथे ही शिस्त लवकर लागते.

पहिला आक्षेप इथेच येतो. खंजेरी लहान वाद्य आहे, तिच्यात काय एवढं, असं संगीत शिकलेले लोक म्हणतात. पखवाजाकडे चौताल आहे, परण आहेत. खंजेरीकडे काय आहे? याला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. एक दक्षिणेचं. फणसाच्या लाकडाचं वीतभर कडं आणि एका खाचेतली झांज एवढंच भांडवल असलेला कंजिरा भजनातून उठून कर्नाटक संगीताच्या मैफलीत मृदंगाशेजारी बसला. पुदुकोट्टैच्या मामुंडिया पिळ्ळै यांचं नाव त्यासाठी घेतात, आणि विसाव्या शतकात जी. हरिशंकर यांनी त्याच लहानशा कड्यावर मृदंगाचे कठीण बोल काढून दाखवले. वाद्याची मर्यादा बरेचदा वाजवणाऱ्यांनी त्यावर घातलेल्या मेहनतीची मर्यादा असते, हे यावरून दिसतं. दुसरं उत्तर आपल्या शेजारचं. अकोट तालुक्यातले सप्तखंजेरीवादक सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या मांडून कीर्तन करतात. वेगवेगळ्या आवाजाच्या सात उघड्या कातड्यांवर एकटा माणूस बोलतो आणि वऱ्हाडीतून अंधश्रद्धा, व्यसन, अवयवदान यांवर तासन् तास लोकांना बसवून ठेवतो. जगातल्या कुठल्याही तालवाद्य महोत्सवात लोक उठून उभे राहतील असा हा प्रयोग आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागून घडला आहे, आणि आपण तो कीर्तनाच्या खात्यात टाकून संगीताच्या खात्यात मोजत नाही. हे मला खटकतं.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आणि जास्त खरा आहे. एका वाद्याचं वळण लागलेला हात दुसऱ्या वाद्याला आपलंच वळण देतो, मग खंजेरीने सुरुवात करून जेंबेचं नुकसान होणार नाही का? होतं, काही काळ होतं. आपल्याकडचा हात बोटांनी विचार करतो. जेंबेला खांद्यापासून सुटलेला आख्खा हात लागतो. पण यातून सुटण्याचा मार्ग कोराच हात घेऊन जाण्याचा नाही. मुंबईच्या तौफिक कुरेशींनी जेंबेवर तबला-पखवाजाचे बोल बसवून त्याची एक वेगळी भाषाच तयार केली. ती गिनीतली भाषा नाही आणि तसा तिचा दावाही नाही. उलट बाजूने, १९९१च्या 'प्लॅनेट ड्रम' या ध्वनिमुद्रणात अमेरिकेचे तालवादक मिकी हार्ट यांनी झाकिर हुसेन, विक्कू विनायकराम, नायजेरियाचे बाबातुंदे ओलातुंजी, ब्राझीलचे आयर्तो मोरेरा अशी माणसं एकत्र बसवली तेव्हा प्रत्येक जण आपल्या घरचं वाद्य आणि घरचं वळण घेऊन आला होता. जागतिक संगीताच्या गटातला पहिला ग्रॅमी त्या ध्वनिमुद्रणाला मिळाला. जगाशी बोलायचं तर आपल्याकडे बोलण्यासारखं काही आधी असावं लागतं. शिकणाऱ्याने एवढंच पाळावं की मूळ वळण कोणतं आणि आपण घातलेलं कोणतं, हे स्वतःला आणि ऐकणाऱ्याला स्पष्ट सांगावं.

मंडळात शिकण्याचा आग्रह मी का धरतो, तेही सांगायला हवं. हाताने वाजवायची बहुतेक वाद्यं मुळात एकट्याने वाजवायला जन्मलेली नाहीत. जेंबे आज दुकानात एकटा मिळतो म्हणून तो एकटा वाटतो. माली-गिनीच्या मांदे गावांत त्याच्यासोबत लहान-मधला-मोठा अशा काडीने वाजवायच्या तीन दुंदुंचा मेळ असतो, आणि गाण्याची ओळखीची चाल त्या दुंदुंमध्ये असते, जेंबे तिच्यावरून धावतो. १९५०च्या दशकात फोदेबा केता यांच्या 'ले बाले आफ्रिकें' या मंडळीने हे संगीत युरोपच्या रंगमंचावर नेलं आणि पुढे जेंबे जगभर पसरला, तो बहुतेक ठिकाणी दुंदुंना मागे ठेवून. म्हणून एकट्या जेंबेवर शिकलेल्याचा हात वेगवान होतो पण त्याला कशाला साथ द्यायची हे कळत नाही. भजनी मंडळात याच्या नेमकी उलट सवय लागते. गायक ओळ धरतो, टाळ चालू असतात, पेटी किंवा वीणा सूर देते, आणि खंजेरीने शब्दांना जागा सोडायची असते. लय चढवायची ती सगळ्यांना घेऊन. मोबाइलवरचे धडे पाहून घाव कळतात, क्रम कळतो, आणि दूरच्या वाद्यांसाठी आपल्याला त्यांचाच आधार आहे. मीही तो घेतो. पण पडद्यावरचा माणूस आपलं ऐकत नाही. सोबत वाजवणाऱ्यासाठी थांबणं तिथे शिकता येत नाही.

कानाचंही शिक्षण इथूनच सुरू होतं, आणि पुढची अडचणही. धुमाळी-केरव्यात मुरलेल्या कानाला आठ मात्रांचा अरबी मकसूम परका वाटत नाही. दुम तक, विसावा, तक दुम, विसावा, तक, विसावा. तोंडाने म्हणून मग हाताने काढायची रीत तिकडेही आहे, जसे आपल्याकडे धा दिं ता किट हे बोल आधी जिभेवर बसतात. ओलातुंजींनी जेंबेसारख्या वाद्यांसाठी गुन-दुन, गो-दो, पा-ता अशी अक्षरं रूढ केली, ती आपल्या मुलांना एका बैठकीत पाठ होतात. दादऱ्याच्या सहा मात्रांची सवय असलेला कान पश्चिम आफ्रिकेच्या बाराच्या चालीत पाय ठेवू शकतो. अडचण समेची आहे. आपला कान प्रत्येक आवर्तनात सम शोधतो आणि तिच्यावर घाव घालायला उतावीळ होतो. क्यूबाच्या कोंगात किंवा मांदे मेळात तसा एक मोठा घाव ठेवलेलाच नसतो. चार माणसांच्या चार चाली एकमेकींत अडकलेल्या असतात आणि नाचणाऱ्याचा पाय तिसरीकडेच पडतो. तिथे हात थांबवून नाचणाऱ्याकडे पाहावं लागतं. ही अडचण खंजेरीमुळे येते असं नाही. आपल्या सगळ्याच तालशिक्षणामुळे येते. ती कुठे आहे हे ठाऊक असणं ही त्यावरची अर्धी मात्रा.

कातड्याबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण संग्रह करणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं आणि आपला जिल्हा या बाबतीत एक शाळाच आहे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो. घाटावर बुलढाणा-चिखलीला हवा त्या मानाने सौम्य. एकाच खंजेरीचा आवाज खामगावच्या दुपारी टणटणतो आणि बुलढाण्याच्या श्रावणात पोत्यासारखा पडतो. भजनवाले अशा वेळी कातडं शेकतात, आणि फार चढलं तर ओला हात फिरवतात. पखवाजवाला धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, कणीक कमीजास्त करतो. दोऱ्यांनी ताणलेला जेंबे आपल्या मे महिन्यात तसाच ठेवला तर रात्रीत कातडं फाटतं. उन्हाळ्यापूर्वी दोऱ्या सैल कराव्यात आणि वाद्य पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. पावसाळ्यात बुरशी धरते ती कातडं आणि कडं यांच्या सांध्यात, वरून दिसत नाही. कृत्रिम पडद्याची वाद्यं या सगळ्यातून सुटतात आणि शाळेत शिकवायला मी ती बिनदिक्कत वापरतो. मात्र बोटाच्या दाबाने स्वर ओढण्याचं काम त्यांच्यावर बकऱ्याच्या कातड्याइतकं खुलत नाही.

याच ओघात एक इशारा. दिमडी, कंजिरा आणि गोव्याचं घुमट ही वाद्यं पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. तिच्या कातड्याचं जुनं वाद्य कुणी 'अस्सल' म्हणून विकत असेल तर ते घेणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी घेऊ नये. अस्सलपणा कातड्याबरोबर संपतो असं म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावं. तिथले कारागीर बकऱ्याच्या कातड्याकडे वळले आणि २०१९ साली घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. वाद्य टिकलं कारण वाजवणारे टिकले. परदेशातून कच्च्या, केसाळ कातड्याचं वाद्य मागवणाऱ्यांनीही जपावं. २००६ साली न्यूयॉर्कमध्ये आफ्रिकेतून आणलेल्या कच्च्या कातड्यांवर काम करणाऱ्या एका ढोल-कारागिराला अँथ्रॅक्सची बाधा झाली होती. कातडं इथे आणि कमावलेलंच मढवून घेणं अधिक शहाणपणाचं.

आता संग्राहकांचा आक्षेप. वाजवता येवो न येवो, वाद्य जपून ठेवणं हेही काम नाही का? नक्कीच आहे, आणि पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातल्या वाद्यांसमोर उभं राहिलेल्या कुणालाही दिनकर केळकरांचे उपकार नाकारता येणार नाहीत. १८७६ साली बंगालच्या सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला सुमारे शंभर भारतीय वाद्यं भेट दिली आणि ती ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाच्या पायाशी आहेत. त्या वाद्यांचं लाकूड, मापं, कारागिरी आज अभ्यासता येते. पण तालवाद्याच्या बाबतीत संग्रहालयाची एक मर्यादा आहे, जी सतार किंवा मूर्तीला तेवढी जाणवत नाही. कातडं वाजवलं नाही तर मरतं. ताण उतरतो, कड आकसते आणि काही वर्षांनी उरतं ते फक्त कडं. शिवाय ज्ञान कातड्यात नसतंच, ते घावांच्या क्रमात असतं. सरकारी किंवा मोठ्या संस्थेचं संग्रहालय निदान माहितीची नोंद तरी ठेवतं. घरगुती संग्राहक भिंतीवर लटकवतो, नोंद ठेवत नाही, वाजवतही नाही. त्याच्यामागे त्याच्या मुलांना त्या वस्तू कुठल्या हेही सांगता येत नाही. म्हणून घरगुती संग्रहाला मी वाजवण्याची अट घालतो. पाच वाद्यं ठेवा, पण पाचही वाजती ठेवा.

सगळ्यांत गंभीर आक्षेप जातीचा आहे, आणि तो टाळून महाराष्ट्रात चर्मवाद्यांवर लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं. आपल्या गावांत कातडं कमावणं, मढवणं आणि डफडं-हलगी वाजवणं हे विशिष्ट समाजांवर लादलेलं काम होतं. लग्न असो, मिरवणूक असो, मयत असो, पुढे वाजवत चालायचं आणि देवळाच्या पायरीशी थांबायचं. मातंग समाजातल्या अनेक कुटुंबांनी हे वाद्य खाली ठेवलं ते त्यातली अवहेलना नको म्हणून. बाबासाहेबांच्या चळवळीने मेलेली गुरं ओढण्यासारखी गावकीची कामं सोडायला सांगितली, त्यामागेही हीच जाणीव होती. अशा वेळी कुणी शहरी किंवा सवर्ण हौशी माणूस येऊन 'तुमची कला लोप पावते आहे' असं म्हणत हळहळतो, तेव्हा ते ऐकणाऱ्याला टोचणं साहजिक आहे. ज्याच्या आजोबांना ठेका धरायची सक्ती होती, त्याने ठेका सोडला तर तो त्याचा हक्क आहे. संग्राहकाने तिथे गप्प बसावं. पण या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. तोच डफ शाहिरांच्या हातात गेला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं आणि डफ कामगारांच्या मोर्चात वाजला. आंबेडकरी जलशांनी ढोलकी-डफावर नवा विचार वस्त्यांवस्त्यांत नेला. खंजेरीने तर जातपात न मानणाऱ्या सामुदायिक प्रार्थनेची बैठक धरली. वाद्य तेच, वाजवणाऱ्याची मर्जी त्यात आली, एवढ्याने सगळं बदललं. म्हणून माझं उत्तर असं: ज्या घरातून वाद्य आलं त्या घराचा मान आणि मोबदला आधी. शिकायला गेलो तर शिष्य म्हणून जावं, फी द्यावी, चहा त्यांच्या घरी प्यावा, कार्यक्रमात गुरू म्हणून त्यांचं नाव घ्यावं. आणि मढवणाऱ्या कारागिराला घासाघीस न करता पैसे द्यावेत. आफ्रिकेतही जेंबे कोरण्याचं काम नुमु म्हणवणाऱ्या लोहारांच्या समाजाशी बांधलेलं राहिलं आहे. वाद्याला माणसांची उतरंड चिकटलेली असणं ही एकट्या महाराष्ट्राची गोष्ट नाही. पेरूचा काहोन गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचं वाद्य, साधी लाकडी पेटी. १९७०च्या दशकाच्या अखेरीस गिटारवादक पाको दे लुसियांनी तो स्पेनच्या फ्लामेंकोत नेला आणि तो इतका रुळला की अनेकांना आता तो स्पेनचाच वाटतो. पेरूने २००१ साली त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा जाहीर केलं, ते आपला हक्क नोंदवण्यासाठी योग्यच होतं.

हीच रीत आपल्या जिल्ह्यातल्या सातपुड्यालाही लागू आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या वरच्या अंगाला कोरकू, भिलाला लोक राहतात. होळीच्या दिवसांत तिथे ढोल वाजतो तो नाचणाऱ्यांसाठी. तिथे ध्वनिमुद्रक घेऊन जाणाऱ्याने आधी विचारावं, नको म्हटलं तर परत यावं. इराणच्या कुर्दी सुफींचा दफ खानकाहच्या, म्हणजे सुफी मठाच्या, आतलं वाद्य होता. तो तिथल्याच माणसांनी मैफलीत आणला, म्हणून त्याच्या वाटेवर वाद झाले तरी वाट राहिली. बाहेरच्याने उचलून आणलेल्या वाद्याला ती वाट मिळत नाही.

एक विनंती करतो. आपल्या घरी, गावच्या मंदिरात, भजनी मंडळाच्या जुन्या पेटीत कातडं फाटलेली खंजेरी, डफ किंवा दिमडी असेल तर ते कडं चुलीत घालू नका. जुन्या लाकडाचं कडं वर्षानुवर्षं वाळून हलकं झालेलं असतं आणि तसं नवं मिळत नाही. ते मढवून घ्या. मढवणाऱ्याचं नाव आणि साल कड्याच्या आतल्या बाजूला लिहा. ज्यांच्या हातात ते वाजत होतं ते अजून गावात असतील तर त्यांचे ठेके त्यांच्या परवानगीने मोबाइलवर घ्या आणि सुरुवातीला त्यांच्याच आवाजात गाव, तालुका आणि ठेक्याचं नाव सांगून घ्या. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाकडून गावोगावच्या मंडळांना भजनाचं साहित्य मिळत आलं आहे, गुरुदेव सेवा मंडळांच्या शाखा आहेत, त्यामुळे शिकायला बसण्यासाठी फार लांब जावं लागणार नाही. मढवायला कोरडी हवा लागते. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे दिवस आपल्याकडे त्याला सर्वांत चांगले.